पद्मदुर्गाच्या दरजा व समुद्राचें मीठ

मुरुडसमोर समुद्रांत, जंजिऱ्याच्या वायव्येस, कांसा नांवाच्या खडकावर पद्मदुर्ग उभा आहे. सिद्दीस शह देण्यासाठीं शिवछत्रपतींनीं तो बांधविला, व तेथें रसद न पोंचविल्याबद्दल प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास किती कठोर शब्दांत लिहिलें, हें अभ्यासकांस विदितच आहे. आम्हांस येथें त्या पत्राचा नव्हे, तटाचा विचार कर्तव्य आहे. कारण तट हेंही एक अस्सल साधनच होय.

तटाचे दगड ठिकठिकाणीं झिजून आंत गेले आहेत, आणि त्यांमधील चुन्याच्या दरजा मात्र पोळ्याच्या भिंतींप्रमाणें पुढें उभ्या आहेत. हें पाहून चुन्यांत गूळ, उडीद वगैरे घातल्याच्या कथा सांगण्यांत येतात. पृथक्करणावांचून त्या आम्ही प्रमाण मानीत नाहीं. शिवाय, चुना कां टिकला याच्या आधीं दगड कां गेला हें पाहिलें पाहिजे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि त्यांचे स्फटिक वाढून छिद्रांच्या भिंती आंतून फोडतात. म्हणून नित्य बुडालेल्या भागापेक्षां ओला-सुका होणारा पट्टाच अधिक खंगतो.

सलोह काँक्रीटचा शत्रूही हेंच मीठ. मात्र तेथें घाव लोखंडावर पडतो. सिमेंटच्या तीव्र अल्कधर्मामुळें सळईवर एक संरक्षक पापुद्रा धरतो. मिठांतील क्लोराइड तेथवर झिरपलें कीं तो भेदला जातो, आणि ओलावा व हवा दोन्ही मिळतांच गंज चढतो. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळें वरचें काँक्रीट तडकतें व ढलपे सुटतात. पणजी येथील मांडवीवरचा पूल १९८६ च्या जुलैंत कोसळला, तेव्हां त्यास पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. त्याच्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. भारतीय मानक ४५६ (सन २०००) भरती-ओहोटीच्या पट्ट्यांतील सळईवर ७५ मिलिमीटर आच्छादन मागतें, तें याच भयास्तव. रोमन लोकांचे ज्वालामुखीची राख व चुना यांचे धक्के दोन हजार वर्षें समुद्रांत टिकले. त्यांत लोखंडच नव्हतें, हें त्यांची स्तुति करतांना बहुधा विसरलें जातें.

आतां दुरुस्तीचा प्रश्न. जुन्या दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरणें आम्हांस घातक वाटतें. चुन्याची दरज सच्छिद्र असल्यानें भिंतींतील ओल तींतून बाहेर पडते. सिमेंटची दरज घट्ट. ती वाट बंद होतांच ओल दगडांतून निघूं लागते व मीठही तेथेंच सांठतें. सिमेंट अभंग राहतें आणि दगड भुरभुरतो. लोखंडी पट्ट्या घातल्यास गंजानें दगड फुटतो तो वेगळाच. तेव्हां जलदुर्गांची डागडुजी चुन्यानेंच व्हावी, वाळू धुवून निर्मीठ केलेली असावी, आणि गवंड्यानें हात लावण्यापूर्वीं मूळ दरजांचे नमुने, मापें व छायाचित्रें घेऊन ठेवावीं. खरवडून टाकलेला चुना पुन्हां तपासण्यास मिळत नाहीं.