दप्तर नव्या संगणकावर नेताना

विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यानंतर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरातून नवा संगणक आणणाऱ्या हैदराबादकर मराठी गृहस्थाने ध्यानी धरावे की, फायली जशाच्या तशा उचलून नेता येतात, परंतु आज्ञावली, तिच्या नोंदी रजिस्ट्रीत व अन्यत्र विखुरलेल्या असल्यामुळे, बहुधा मूळ परवान्यानिशी नव्यानेच प्रस्थापित करावी लागते. त्यातही श्रीलिपीसारख्या जुन्या टंकातला मजकूर, तो टंक नव्या यंत्रावर नसल्यास, रोमन अक्षरांचा निरर्थक गलबला होऊन उमटतो. सबब त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर जुने यंत्र चालू आहे तोवरच करून घ्यावे. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा अधिक आकाराची एकसंध फाईल मावत नाही (लग्नाच्या चित्रफिती बहुधा तेथेच अडतात!). नकलांची रुजुवात झाल्यावाचून जुनी डिस्क पुसू नये.