Explained: बेट जन्मायच्या आधीची कासवं! मॉरिशसचं कोडं डीएनएने कसं सोडवलं?

वसईचा तुंगारेश्वर डोंगर आणि मॉरिशस यांचं नातं लाव्हारसाचं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ज्या रियुनियन तप्तबिंदूतून ओतला गेला, त्यानेच पुढे हिंदी महासागरात एकेक बेट उभं केलं.

या बेटांवर महाकाय कासवं होती. मॉरिशस आणि रॉड्रिग्जवर दोन-दोन जाती, रियुनियनवर एक. अन्नपाण्याविना ती महिनोन्महिने तगत, म्हणून खलाशांनी जहाजं भरभरून नेली. फ्रीजशिवाय ताजं मटणच! डुकरं-उंदरांनी अंडी, पिल्लं संपवली. 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत पाचही जाती नामशेष झाल्या.

उरली हाडं. पण दमट उष्ण हवेत डीएनएचे तुकडे पडतात. त्यामुळे संशोधक मायटोकॉन्ड्रियातला डीएनए शोधतात. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने काही टिकण्याची शक्यता जास्त. तुकडे संगणकावर जुळवून जातींमधले फरक मोजले, की त्या कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो.

2019 मधलं उत्तर चक्रावणारं होतं. या कासवांमधली पहिली फाटाफूट किमान 2.8 कोटी वर्षांपूर्वीची. मॉरिशसचं वय तर एक कोटीही नाही! मग ती राहायची कुठे? बहुधा आज पाण्याखाली गेलेल्या जुन्या बेटांवर. बेट खचत गेलं, तशी ती तरंगत पुढच्या बेटावर पोहोचली असावीत.

मॉरिशसजवळच्या इल ओ झेग्रेत बेटावर आता अल्डाब्राची कासवं सोडली आहेत. आबनूसची फळं खाऊन ती बिया पसरवतात. काम तेच, पण डीएनए सांगतो, ती मूळ रहिवाशांची जवळची नातलग नाहीत.