चाळीस दगडांची प्रदक्षिणा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन म्हटली की श्वेतभवन, कॅपिटॉलचा घुमट आणि वॉशिंग्टन स्मारकाचा उंच सुळका डोळ्यांपुढे उभा राहतो. या भव्य वास्तूंच्या आधीपासून उभी असलेली एक रांग मात्र प्रवाशांच्या नजरेतून सहसा निसटते. शहराच्या कडेने, लोकांच्या अंगणांत, वाहनतळांत, झाडीत आणि एका दफनभूमीच्या कुंपणालगत हातभर रुंदीचे वालुकाश्माचे दगड रोवलेले आहेत. राजधानीच्या मूळ हद्दीच्या या खुणा. त्यांची संख्या चाळीस होती. त्यांतील छत्तीस मूळचे दगड आजही शिल्लक आहेत.

या सर्व दगडांना भेट देत राजधानीभोवती फेरी घालण्याचा उपक्रम तेथील सायकलस्वारांचे गट करतात. सायकलीचीच निवड व्हावी हे स्वाभाविक आहे. दगड एकमेकांपासून साधारण मैल मैल अंतरावर आहेत. सगळे पायी पाहायचे तर मुक्काम करावे लागतात. मोटारीने जावे तर थांबायला जागा मिळत नाही आणि गल्लीबोळांतून वाट काढता येत नाही. हद्दीची सरळ लांबी ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर आहे. परंतु रस्ते हद्दीच्या रेषेबरोबर सर्वत्र जात नाहीत आणि वाटेत पोटोमॅक नदी दोनदा ओलांडावी लागते. त्यामुळे प्रत्यक्षातील अंतर बरेच वाढते. कोणी ते एका दिवसात कापतात, कोणी दोन दिवसांत.

मोजणी

अमेरिकेच्या राज्यघटनेने राजधानीसाठी जास्तीत जास्त दहा मैल लांब व दहा मैल रुंद असा प्रदेश संसदेच्या थेट अमलाखाली ठेवण्याची तरतूद केली होती. १६ जुलै १७९० रोजी त्यासंबंधीचा कायदा संमत झाला आणि पोटोमॅकच्या काठी नेमकी जागा निवडण्याचे काम राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे आले. मेरिलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांनी आपापली जमीन दिली. चौकोन मात्र आडवा न आखता टोकावर उभा केलेला आखण्यात आला. त्याचे कोपरे दक्षिण, पश्चिम, उत्तर व पूर्व या चार मुख्य दिशांना, आणि बाजू नैऋत्य, वायव्य, ईशान्य व आग्नेय या उपदिशांना आल्या.

मोजणीचे काम अँड्र्यू एलिकट या अनुभवी मोजणीदाराकडे सोपविण्यात आले. १७९१ च्या फेब्रुवारीत तो कामाला लागला. तेव्हा या भागात दाट रान होते. रेषेच्या दोन्ही बाजूंची वीस वीस फूट झाडी तोडल्याशिवाय दुर्बिणीतून पुढचे दिसत नसे. दिशा निश्चित करण्यासाठी ताऱ्यांचे वेध घ्यावे लागत. १५ एप्रिल १७९१ रोजी अलेक्झांड्रियाजवळ, जोन्स पॉइंट येथे दक्षिण कोपऱ्याचा पहिला दगड समारंभपूर्वक बसविण्यात आला. व्हर्जिनियाच्या बाजूचे १४ दगड त्याच वर्षी आणि मेरिलँडच्या बाजूचे २६ दगड १७९२ मध्ये बसले. पुढील काळात झालेल्या मोजणीत चारही बाजू दहा मैलांहून किंचित जास्त आढळल्या. सर्वांत लांब ईशान्य बाजूचा फरकही तीनशे फुटांच्या आतच होता. रानातून साखळी ओढीत केलेल्या कामाच्या मानाने ही चूक फारच थोडी म्हणावी लागेल.

दगड अक्विया येथील खाणीतला आहे. श्वेतभवन आणि कॅपिटॉल यांच्यासाठीही याच खाणीचा दगड वापरला गेला. दगडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे राजधानीकडे तोंड करून, संयुक्त संस्थानांच्या अधिकारक्षेत्राचा उल्लेख व मैलाचा आकडा कोरला होता. बाहेरच्या बाजूला संबंधित राज्याचे नाव होते. उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीवर वर्ष आणि दुसरीवर त्या ठिकाणी होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते त्याची नोंद होती. आपल्याकडे गावाच्या शिवेवरचा दगड शेतकऱ्याला शीव सांगतो. हा दगड शीव सांगून शिवाय पुढच्या मोजणीदाराची सोयही करून ठेवतो.

बेंजामिन बॅनेकर

एलिकटच्या पहिल्या महिन्यांतील मदतनीसांमध्ये बेंजामिन बॅनेकर हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी होता. मेरिलँडमधील आपल्या शेतावर राहून, उसन्या आणलेल्या पुस्तकांवरून त्याने ज्योतिर्गणित आत्मसात केले होते. वय साठीला टेकले असताना तो थंडीच्या रात्री तंबूत जागून वेधांची आणि वेधासाठीच्या घड्याळाची देखभाल करीत असे. एप्रिलअखेर तो घरी परतला. संपूर्ण शहराचा आराखडा त्याने स्मरणातून पुन्हा काढून दिला अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही, आणि बॅनेकरच्या थोरवीला तिची गरजही नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने परराष्ट्रमंत्री टॉमस जेफर्सन यांना पत्र लिहून, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस गुलाम कसे बाळगतो, असा सरळ प्रश्न केला. सोबत आपल्या पंचांगाचे हस्तलिखितही पाठविले. नैऋत्य बाजूच्या नवव्या दगडाला आज बॅनेकरचे नाव आहे आणि १९७६ पासून तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता पावलेला आहे.

रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे

हद्दीची रेषा कागदावर निर्जीव दिसते. माणसांच्या आयुष्यात ती तशी नसते. १८४६ मध्ये संसदेने व्हर्जिनियाकडून मिळालेला भाग त्या राज्याला परत देण्याचे ठरविले. राजधानीत गुलामांच्या व्यापारावर कधीतरी बंदी येईल, ही अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांची भीती या मागणीमागच्या कारणांपैकी एक होती. ती खरी ठरली. उरलेल्या राजधानी-जिल्ह्यात १८५० मध्ये हा व्यापार बंद झाला; अलेक्झांड्रियात तो पुढेही चालू राहिला. १६ एप्रिल १८६२ रोजी जिल्ह्यातील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली व तीन हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. दगडांपलीकडच्या मेरिलँडमधील गुलामांना मात्र १ नोव्हेंबर १८६४ पर्यंत वाट पाहावी लागली. अडीच वर्षे हे दगड अक्षरशः मुक्तता आणि दास्य यांच्या मध्ये उभे होते.

भेद आजही पुरता मिटलेला नाही. राजधानीतील नागरिकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. परंतु सिनेटमध्ये त्यांचा प्रतिनिधी नाही, आणि कनिष्ठ सभागृहातील त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा अधिकार नाही. हद्दीवरून जाणाऱ्या ईस्टर्न अॅव्हेन्यूच्या एका बाजूचा रहिवासी सिनेटर निवडतो. समोरच्या घरातला निवडू शकत नाही.

फेरीचा मार्ग

दगडांचे आकडे प्रत्येक कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक ते नऊ असे चढत जातात. त्यामुळे उजवी घालून प्रदक्षिणा करणेच सोयीचे पडते. आरंभीचा दक्षिण दगड जोन्स पॉइंटच्या जुन्या दीपगृहापुढील संरक्षक भिंतीत आहे. तेथून अलेक्झांड्रियाच्या रस्त्यांनी नैऋत्य बाजू धरली की एक दगड चर्चच्या वाहनतळाशी, तर एक रस्त्याच्या दुभाजकात भेटतो. बॅनेकरच्या दगडाजवळून जुन्या लोहमार्गाच्या जागी झालेली सायकलवाट जाते. पश्चिमेचा कोपरा एलिकटच्या नावाच्या छोट्या उद्यानात आहे. वायव्य बाजूच्या तिसऱ्या दगडानंतर नदी ओलांडण्यासाठी चेन ब्रिज जवळचा. पलीकडे डॅलेकार्लिया जलाशयाच्या आवारात दोन दगड आहेत. पाणीपुरवठ्याचे ठिकाण असल्याने तेथे मनाला येईल तसे शिरता येत नाही. त्यानंतर उत्तर कोपऱ्याकडे आणि पुढे वेस्टर्न, ईस्टर्न व सदर्न या तीन अॅव्हेन्यूंचे मार्ग बहुतांशी हद्दीलाच धरून जातात. अशा गटात एक वाटाड्या पुढे आणि एक जाणकार मागे ठेवणे इष्ट. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप यांची गरज शेवटच्या टप्प्यात अधिक भासते, कारण आग्नेय बाजू चढउताराची आहे.

जवळजवळ प्रत्येक दगडाभोवती लोखंडी गजांचे छोटे कुंपण दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेड वुडवर्ड या गृहस्थाने एकेक दगड शोधून त्यांची छायाचित्रे घेतली व संरक्षणाची सूचना केली. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या महिलांच्या संघटनेने १९१५ पासून ती अमलात आणली. वालुकाश्म मऊ असल्याने बऱ्याच दगडांवरील अक्षरे झिजली आहेत, काहींच्या तर माथ्याचा भागच उरलेला नाही. ईशान्येचा पहिला दगड बांधकामात गेला, त्या जागी धातूची पाटी आहे. नैऋत्येचा दुसरा बदललेला आहे, तर आग्नेयेच्या चौथ्या व आठव्याच्या जागी प्रतिकृती आहेत. कुंपणे नसती तर ही यादी लांबली असती.

आग्नेयेच्या नवव्या दगडानंतर पुन्हा पोटोमॅक आडवी येते. पाण्यात दगड रोवता येत नाही, म्हणून येथे रेषा नुसती नकाशावर आहे. वुड्रो विल्सन पुलावर २००९ मध्ये खुल्या झालेल्या सायकलवाटेने जाताना आधी मेरिलँड, मग मध्यभागी राजधानी-जिल्ह्याचा एक चिंचोळा तुकडा आणि शेवटी व्हर्जिनिया लागते. पूल उतरताना डाव्या हाताला जोन्स पॉइंटचे दीपगृह दिसू लागते.