श्रावणबाळाच्या नांवें

मुळशी तालुक्यांतील आमच्या गांवीं सरकारी अर्ज भरून देण्याचें काम सेवानिवृत्तीनंतर आपोआपच माझ्याकडे आलें आहे. गेल्या पौषांत माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षकांची कन्या कागदांची पिशवी घेऊन आली. वडिलांस पक्षाघात होऊन नऊ वर्षें झालीं. आई त्यापूर्वींच गेली. मुलीचें वय ४४. लग्न केलें नाहीं. पिरंगुटास एका कारखान्यांत हिशेब लिहिण्याची नोकरी होती, ती वडिलांसाठीं सोडली. तिचा प्रश्न एवढाच होता, “काका, शेजारच्या वहिनींना दरमहा पंधराशें येतात, मग मला कां नाहींत?”

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं, आणि आपल्यासारख्या पुष्कळ घरांस तो लागू पडणारा आहे, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहें.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना २०२४ च्या जुलैपासून सुरू झाली. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असल्यास २१ ते ६५ वयाच्या स्त्रीस दरमहा १५०० रुपये द्यावे, असा तिचा नियम. मात्र कुटुंबांत कोणी सरकारी निवृत्तिवेतन घेत असेल तर ती स्त्री अपात्र. आतां कुटुंब म्हणजे कोण? पति, पत्नी आणि त्यांचीं अविवाहित मुलें. ही मुलगी लग्न होऊन सासरीं गेली असती, तर वडिलांचें निवृत्तिवेतन तिच्या आड आलें नसतें. अविवाहित राहून तिनें त्यांची सेवा पत्करली, म्हणूनच ती त्यांच्या कुटुंबांत मोजली गेली आणि वगळलीहि गेली. निवृत्तिवेतन वडिलांचें, कष्ट हिचे, आणि अपात्रताहि हिचीच!

नियम करणारांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. जेथें तिजोरींतून पैसा आधींच जातो तेथें पुन्हां देऊं नये, हें तत्त्व कोणासहि पटेल. त्याच तत्त्वानें असेंहि ठरलें आहे कीं, ज्या स्त्रीस दुसऱ्या योजनेंतून दरमहा १५०० वा अधिक मिळतात तिला हे मिळूं नयेत, आणि कमी मिळत असतील तर वरचा फरक तेवढा द्यावा. केंद्र व राज्य या दोहोंच्या शेतकरी सन्मान निधींतून महिन्यास १००० मिळविणाऱ्या स्त्रीस त्यामुळें ५०० च मिळतात. हिशेब चोख आहे. पण हा हिशेब नांवांचा आहे, कामाचा नाहीं.

कसें तें पाहा. दोन घरीं दोन अपंग मुलगे आहेत असें समजूं. पहिल्या घरीं बाप मजुरी करतो. मुलाच्या नांवें संजय गांधी निराधार योजनेचें अनुदान येतें (दिव्यांगांपुरतें तें २०२५ सालीं २५०० झालें) आणि आईच्या नांवें लाडक्या बहिणीचे पंधराशें. नांवें दोन, म्हणून आड कांहीं येत नाहीं. दुसऱ्या घरची आई विधवा आहे; तिला वैधव्यामुळें निराधार योजनेचे पंधराशें मिळतात, म्हणून लाडक्या बहिणीचा एक पैसाहि नाहीं. मुलाला उचलून न्हाणीपर्यंत नेणें दोघींसहि सारखेंच, आणि रात्रीचें जागरणहि सारखेंच.

याहून अधिक बोचणारी गोष्ट पासष्टीची. त्या वयास लाडकी बहीण थांबते. पुढें ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन’ आहे. रक्कम तीच, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षास २१,००० रुपये, म्हणजे महिन्यास १७५०. अडीच लाखांच्या आंत असलेली स्त्री एका वाढदिवसानें एकवीस हजारांच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. नव्वदीच्या सासूचें अंथरूण काढणारी सून बहुधा याच वयाची असते.

श्रावणबाळाच्या नांवाची ही योजनाहि मोठी विचित्र आहे. कावड खांद्यावर घेतली ती मुलानें. पैसा मात्र कावडींत बसलेल्यांस. वाल्मीकींनीं तर त्या मुनिकुमारास नांवहि दिलेलें नाहीं. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. रात्रीं वडिलांची हांक ऐकूं यावी म्हणून दार उघडें ठेवून निजणारी मुलगी पाहिली म्हणजे व्याकरणकारांचें कौतुक वाटतें.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत, २४ व्या कलमांत, सांभाळ करणाराच्या भत्त्याचा उल्लेख आहे; परंतु शब्दयोजना पाहिली तर तोहि द्यावयाचा दिव्यांगास. केरळांत ‘आश्वासकिरणम्’ या योजनेनें अंथरुणास खिळलेल्या माणसाची काळजी घेणारासाठींच दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम लहान, पण ती कोणाची हें तेथें स्पष्ट आहे. इंग्लंडांत असा भत्ता १९७६ पासून आहे. आरंभीं विवाहित स्त्रियांस तो मिळतच नसे; १९८६ सालीं ती अट गेली. तेथेंहि वार्धक्यवेतन सुरू झालें आणि तें भत्त्याहून मोठें असलें कीं भत्ता बंद होतो. पासष्टीचा उंबरठा आपल्याकडेच आहे असें नव्हे.

असो. त्या मुलीचा अर्ज मीं भरला नाहीं. भरून उपयोग नव्हता. त्याऐवजीं रविवारीं तिच्या घरीं गेलों. थोरला भाऊ हिंजवडीस मोठ्या पगारावर आहे, तो आला होता. त्याला म्हटलें, “सरकार हिला मोजीत नाहीं तें नाहीं, तुम्हीं तरी मोजा.” तो प्रामाणिकपणें म्हणाला, “काका, तिला घरांत कमी काय आहे?” त्यावर मीं विचारलें, “वडिलांच्या मागें तें निवृत्तिवेतन तिला मिळेल याची खात्री आहे का, आणि घर कोणाच्या नांवावर आहे?” तो बराच वेळ बोलला नाहीं.

गेल्या महिन्यांत तिच्या एकटीच्या नांवानें पोस्टांत आवर्ती ठेवीचें खातें निघालें. वडील आपल्या निवृत्तिवेतनांतून २००० आणि भाऊ ३००० घालतो. घराच्या कागदांचें बोलणें अद्याप व्हावयाचें आहे.