वकील कधी आला?

मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये विद्यापीठातील एका प्रपाठकाला बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात तीन वर्षांची कैद सुनावली. निकालाची नक्कल तुरुंगात पोचली होती, पण ती कैद्याच्या हाती पडली याचा पुरावा नव्हता. सर्वोच्च न्यायालयात त्याची याचिका आली ती चार वर्षांहून अधिक उशिराने, पूर्ण शिक्षा भोगून झाल्यावर. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली. मात्र ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने दोन नियम घालून दिले. कैद्याला निकालाची नक्कल विनामूल्य आणि वेळेत द्यायची व त्याची लेखी पोच घ्यायची. वकील करण्याची ऐपत नसेल, तर तो सरकारी खर्चाने द्यायचा.

नंतरचा आणखी एक महत्त्वाचा निकालही महाराष्ट्राविरुद्धचाच. पत्रकार शीला बर्से १९८२ मध्ये मुंबईच्या तुरुंगातील पंधरा महिला कैद्यांशी बोलल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे त्यांतल्या पाच जणींनी सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश होता, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. मला हा आदेश सर्वांत मोलाचा वाटतो. माणूस पहिल्या रात्री काय बोलतो, कशावर अंगठा उठवतो, यावर पुढचा खटला उभा राहतो. वकील आरोपपत्रानंतर आला, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असला, तरी अमलात आला नोव्हेंबर १९९५ मध्ये. वकील मिळण्याची सोय त्यामुळे झाली. वकिलाला तयारीला वेळ मिळेल, ही नाही. मध्य प्रदेशातील खंडव्याच्या एका खटल्यात आरोपीला वकील मिळाला तो आरोपनिश्चितीच्याच दिवशी, आणि पंधरवड्यात फाशीचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तो रद्द केला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील द्यावा आणि साधारणपणे किमान सात दिवस तयारीला द्यावेत, असे सांगितले. सात दिवस! ज्या खटल्यात माणसाचा जीव पणाला लागतो, तिथे ही मुदत मला अपुरीच वाटते.

त्याच वर्षी, ५ मार्चला, नाशिकचे एक प्रकरण संपले. २००३ मधील दरोडा, खून आणि बलात्काराच्या त्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. वास्तविक हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही. ही बाब तीन न्यायालयांपुढे आली आणि तीनही वेळा तिचे वजन कोणाला जाणवले नाही.

२०१४ मध्ये घटनापीठाने ठरवले, की फाशीच्या प्रकरणातील फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकावी. त्यानंतर, २०१८ मध्ये, या सहा जणांच्या प्रकरणात जुना निकाल मागे घेऊन अपिले पुन्हा सुनावणीला घेण्यात आली. पाच महिन्यांत सहाही जण निर्दोष सुटले. तोवर अटकेपासून सोळा वर्षे उलटत आली होती. न्यायालयाने राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला बजावले. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, हे त्या पीडित कुटुंबाचे दुःख कोणत्याही रकमेने भरून येणारे नाही.

वाचकांना एक विनंती. ओळखीतल्या, शेजारच्या, कामाला येणाऱ्या कुणाच्या घरी अटक झाली, तर त्याच दिवशी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतील माणसाला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि निकाल लागला, की नक्कल कैद्याच्या हातात पडली का, हे तुरुंगात जाऊन विचारा.