डोळा चोळू नकोस गं!

"आई, दिव्याला शेपट्या का फुटल्यासारख्या दिसतात गं?"

माझ्या लेकीचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. दहावीचं वर्ष, रात्रीची जागरणं, त्यात हातात सदानकदा मोबाईल. मग दुसरं काय होणार? डोळे खाजायचे, ठणकायचे, आणि ती मुठीने खसाखसा चोळायची. मी गुलाबपाणी घातलं, काकडीच्या चकत्या ठेवल्या. वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तोही तिरका नंबर. आम्ही दोन्ही वेळा निमूटपणे नवीन काचा बसवून घेतल्या. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रापुढे तिला बसवलं, तेव्हा दुखण्याचं नाव कळलं : केरॅटोकोनस.

डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या विकारात तो मध्याजवळ आणखी पातळ होतो आणि मोदकाच्या टोकासारखा पुढे येतो. मग साध्या चष्म्याने धड दिसत नाही. बहुधा तो वयात येताना सुरू होतो आणि पस्तिशी-चाळिशीपर्यंत वाढू शकतो. ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या, सतत चोळणाऱ्या मुलांत तो जास्त आढळतो. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. चोळताना मी तिला एकदाही टोकलं नव्हतं!

खरं तर या विकारात डोळा फारसा दुखत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग दुखतं ते काय? पुसट अक्षरं लावता लावता डोळ्यांवर ताण येतो, संध्याकाळी कपाळ चढतं. कोरडेपणाने खुपतं. खाज तर असतेच. यावर स्वच्छ रुमाल गार पाण्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर हलकेच ठेवावा. खाजेचे आणि ओलाव्याचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. औषधाच्या दुकानातून "मागच्या वेळचेच द्या" म्हणून थेंब आणू नयेत. त्यात स्टिरॉइड असलं, तर आतल्या आत काचबिंदू किंवा मोतीबिंदू व्हायचा. मध, कांद्याचा रस, दुधाच्या धारा हे तर नकोच नको. पालथं, डोळा उशीत दाबून झोपायची सवयही मोडावी.

विकार वाढत असेल तर त्याला थोपवण्याचा उपाय आता आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी त्याचे पहिले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध केले. बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब घालून बुबुळावर अतिनील किरण सोडतात, म्हणजे पडद्याचे धागे घट्ट बांधले जातात. गेलेली नजर याने परत येईलच असं नाही, आहे ती टिकावी एवढ्यासाठी हा खटाटोप. लेकीच्या उजव्या डोळ्यावर हा उपचार वेळेत झाला. डाव्याचा आकार मात्र तोवर बराच बिघडला होता.

वरची साल काढून हा उपचार केला की पहिले दोन-तीन दिवस डोळा अक्षरशः पेटतो. खिडक्यांना चादरी लावल्या, काळा चष्मा दिला, गोळ्या घड्याळ लावून दिल्या. बधिर करणारे थेंब घरी न्यायला द्या म्हणून मी हट्ट धरला. डॉक्टरांनी साफ नकार दिला. त्या थेंबांनी जखम भरत नाही, उलट बुबुळ खराब होतं. चौथ्या दिवशी पोरगी आपणहून चहा मागायला आली.

आता ती मोठी स्क्लेरल लेन्स लावते. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, टोकाला घासत नाही. लेन्स लावताना हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी कधीच लावायचं नाही. मध्यंतरी एका लग्नात फोटोंच्या नादात तिने दुखत असतानाही लेन्स रात्रीपर्यंत ठेवली. दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद! दुखायला लागलं की लेन्स काढायचीच, समोर नवरदेव उभा असला तरी. काढूनही लाली आणि ठणका राहिला, उजेड सोसेना झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक दुखणं ओळखून ठेवा. एकाएकी कळ आली, पाणी वाहू लागलं, नजर धुरकट झाली, बुबुळावर पांढुरकी साय दिसली, तर पडद्याचा आतला थर तडकून त्यात पाणी शिरलेलं असू शकतं. तिथे 'सकाळी बघू' चालत नाही.

सख्ख्या भावंडांनाही तपासा, असं सांगितल्यामुळे धाकट्यालाही नेऊन आणलं. त्याचे डोळे आज ठीक आहेत. पण उन्हाळा लागला की खाज सुटतेच. हात डोळ्याकडे गेला रे गेला, की स्वयंपाकघरातून माझ्याआधी ताईच ओरडते.