गाडीचा भोंगा रात्री आपोआप का वाजतो?



बेणे, खते, लागणीच्या तारखा सोडून आज जरा वेगळे लिहीत आहे. गेल्या पंधरवड्यात प्लॉट पाहणीला फिरताना तिघा सभासदांनी एकच गाऱ्हाणे सांगितले. "साहेब, गाडीचा चोरभोंगा रात्री उगाच वाजतो, म्हणून वायरच तोडून टाकली!" वायर तोडली की भोंगा गप्प होतो हे खरे, पण चोरालाही रान मोकळे होते. आणि रोज वाजत राहिला तर शेजारी उठेनासे होतात, लांडगा आला रे आला तशी गत.

पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटर लावला तर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा आला तर बॅटरी उतरली आहे असे समजावे. व्होल्टेज पडले की काही अलार्मना कोणी वायर काढतोय असे वाटते, अन् ते बोंब मारतात. टर्मिनलवर पांढरा थर साचला असेल तर तोही साफ करावा.

दुसरी जागा बॉनेटचा खटका. माझ्या गाडीचे दुखणे इथेच निघाले. बॉनेट उघडले की सुटणारा आणि बंद केले की दबणारा हा बारीक खटका असतो. पाणंदीचा चिखल आणि धुण्याचे पाणी बसून तो गंजला होता. बॉनेट बंद असूनही अलार्मला ते उघडेच वाटे. दोन ठिकाणी दाखवले, एकाने तर सगळी सिस्टीमच बदला म्हणून सांगितले. शेवटी पॉलिश पेपरने खटका घासला आणि काम झाले, खर्च शून्य! दाराचे खटकेही तसेच. दार लावल्यावर आतला दिवा बराच वेळ विझत नसेल तर खटका खराब समजा.

बाहेरून बसवलेल्या अलार्मला धक्का ओळखणारा सेन्सर असतो. रस्त्याकडेला गाडी लावली आणि उसाने भरलेली डबल ट्रॉली गेली, तरी तो वाजतो. त्यावर बहुधा बारीक स्क्रू असतो, तो थोडा कमी करून घ्यावा. अगदीच कमी करू नये. गाडी लॉक करून मिनिटभराने टायरवर बुक्की मारून बघा, वाजला पाहिजे.

ऊस तुटला की फडातले उंदीर शेडकडे येतात, तेव्हा कुरतडलेल्या वायरीही बघाव्यात.

गाडी चालूच होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचे चित्र लुकलुकते, हा प्रकार वेगळा. चावीतली चिप गाडीला ओळखू येत नाही. जुडग्यातल्या दुसऱ्या गाड्यांच्या चाव्या बाजूला करून बघा, नाही जमले तर दुसरी चावी लावा. ती घरात कुठे ठेवली आहे ते आजच विचारून ठेवा.

— ऊस विकास अधिकारी